वर्षाचा मसाला

नंदुरबारच्या एका वाचनालयाची स्मरणिका परवा माझ्या हातात आली. त्यात आमच्या जुन्या घरमालकांवर दोन पानं छापली आहेत. त्यांनी विजेची घंटा घरच्या घरी बनवली, लकवा झालेल्या बायकोसाठी बनवली, आणि बरणीतल्या एका मसाल्यावर ती पुरं वर्षभर चालली, असं लिहिलं आहे. शेवटी त्यांना ऋषितुल्य म्हटलं आहे.

लिहिणारा त्या वेळी जन्मलाही नसेल. मी त्या घरात चार वर्षं भाड्यानं राहिले. ती घंटा माझ्या स्वयंपाकघरात होती, चुलीच्या वर. ती वर्षभर चालली नाही. एक दिवस कमी पडला आणि तो मी पाडला. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, पण एवढं लिहायला चौथी पुरते.

ते रेल्वेत तार मास्तर होते. नोकरी संपल्यावरही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मी पण तेच म्हणते, आणि अहो-जाहो करते ते सवयीनं. आदरानं नाही.

तारेत शब्द मोजून घालतात. मास्तर बोलायचेही तसंच. आम्ही बिऱ्हाड घेऊन आलो तेव्हा मी डोक्यावर पेटी घेऊन दारात उभी. त्यांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "चौथी." ते म्हणाले, "पुरे." आत गेले. आमच्या ह्यांना एकदा हिवताप भरला होता. मास्तर उंबऱ्यात आले, "ताप?" म्हणाले. हे कण्हत काहीतरी सांगू लागले तर मास्तरांनी हात वर केला. "मजकूर पोचला." आणि गेले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी दुःख सांगो, लग्नाचं आमंत्रण देवो, मजकूर पोचला.

सगळी आळी अहिराणी बोलायची. मास्तर तिथलेच, शेतकऱ्याच्या घरचे, पण खात्यात लागले तेव्हापासून त्यांनी अहिराणी सोडली ती सोडलीच. भाजीवालीशीसुद्धा पुस्तकातलं बोलत. "हिचा दर काय?" म्हणत. भाजीवाली म्हणायची, "भेंडीना भाव इचारी ऱ्हायनात का मन्हा?" आम्ही हसायचो. मास्तर हसत नसत.

रोज जेवून ते स्टेशनवर जायचे. तारेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आतली टकटक ऐकायचे. कुणाचा बाप गेला, कुणाचा कापूस पोचला नाही, सगळं त्यांना बाहेर बसून कळायचं. मांडीवर बोटं वाजत असायची. चार-साडेचारला परत. नवऱ्याला काही विचारायचं तर जिजीला त्या वेळेची वाट पाहावी लागे.

जिजी म्हणजे त्यांची बायको. खापर गावची. मी आले त्याच्या आदल्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात चालायचा. डोकं पूर्ण शाबूत. आवाज मात्र गेल्यात जमा, तोंडाशी कान नेला तर ऐकू येई. तिचं सगळं करायला सकाळी नऊला आणि दुपारी चारला मी जात असे. मधे लागलं तर तिच्या खाटेशी पितळेची वाटी आणि चमचा होता. चमचा वाटीवर मारला की भिंतीपलीकडे मला ऐकू येई. मी जाई. झालं. त्या वाटीला ना वीज लागत होती ना मसाला. ती वाटी चाळीस वर्षं टिकली असती.

पण मास्तरांना तो आवाज सहन होत नव्हता. "रानटी," म्हणाले. आणि घंटा करायला घेतली.

घंटा त्यांनी आठ दिवसांत केली. खोटं कशाला सांगू, हाताला कसब होतं. शाळेचं बंद पडलेलं घड्याळही त्यांनीच नीट करून दिलं होतं, फुकट. घोडं अडलं ते घंटेला वीज कुठून द्यायची इथं. आमच्या आळीत तारा आल्या नव्हत्या. मास्तरांना असं काही हवं होतं की एकदा लावलं की लावलं. भेटेल त्याला विचारत, "किती टिकेल?" चपला घेताना तेच, टोपली घेताना तेच. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाकडे बघूनही तेच म्हणाले आणि तिच्या बापानं वर्षभर त्यांचं तोंड पाहिलं नाही.

आधी त्यांनी हातबत्तीचे कोरडे सेल लावून पाहिले. मारवाड्याच्या दुकानात जायचे, सेलाला दोन तारा लावायच्या आणि टोकं जिभेवर धरायची. झिणझिण्या किती येतात त्यावरून सेल ताजा की शिळा ते सांगायचे. दुकानदार म्हणायचा, "मास्तरजी, पेढा थोडाच शे, चाखीसन लेवाले?" आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते सेल फुगायचे आणि अंगातून पाणी सोडायचे. दोन महिन्यांत कामातून जात. त्यात लढाई चालू, सेल मिळेनासे झाले.

मग विसरवाडीच्या नाक्यावर मोडून पडलेल्या एका मोटारीची बॅटरी आणली. तिला महिन्या-दोन महिन्यांनी वीज भरावी लागे. आमचे हे जिनिंगमध्ये फिटर. तिथल्या इंजिनावर भरून आणायचं काम त्यांच्या गळ्यात. सायकलवर ते धूड बांधून जाताना हे म्हणायचे, "मास्तर, हाई बॅटरी उतरी तेना आधी मीच उतरी जासू." एक दिवस तिच्यातलं तेजाब सांडलं आणि जिजीची चादर भोकाभोकांची झाली. पायावर पडलं नाही हे नशीब. मास्तर चादरीकडे बघून म्हणाले, "नापास." चादरीला म्हणाले की बॅटरीला, कळलं नाही. जिजीकडे पाहिलं नाही हे मी पाहिलं.

शेवटी ओल्या बरणीवर आले. जुन्या तार कचेऱ्यांत असायच्या तसल्या. त्यांनी त्या घरी केल्या. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या. त्यात नवसागराचं पाणी. नवसागर कल्हईवाल्याकडून आणला. पाण्यात जस्ताची कांडी. आणि मधोमध एक लहान कच्चं मडकं, त्यातून पाणी पाझरलं पाहिजे असं. ते कुंभाराकडून करून घेतलं. कुंभार गावभर सांगत फिरला, "बठ्ठा गिऱ्हाईक मडकं वाजाडीसन लेतस, गळकं नको म्हनतस. हाऊ पहिलाच, पाझरनारं मांगस!" त्या मडक्यात कोळशाची कांडी आणि तिच्याभोवती मेलेल्या सेलांतली काळी भुकटी ठेचून भरली. त्या भुकटीला सगळे मसालाच म्हणतात, तेही म्हणायचे. वरून गोडेतेलाचा थर दिला, उन्हानं पाणी उडू नये म्हणून.

हे सगळं होईस्तोवर आठ महिने गेले. आठ महिने जिजी वाटी वाजवत होती आणि मास्तर कानावर हात ठेवत होते.

आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बरणी भरली. आळीतल्या माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मास्तर घरात तारा ओढत होते. जिजीच्या खाटेला लाकडी बटण बांधलं. भिंतीला भोक पाडून तार माझ्या स्वयंपाकघरात आणली. घंटा चुलीवरच्या फळीखाली ठोकली. मग त्यांनी वाटी-चमचा उचलला आणि माझ्या फडताळात आणून ठेवला. "आता गरज नाही." मी ठेवून घेतला. हे लक्षात ठेवा, वाटी माझ्याकडे होती.

पहिल्या दिवशी जिजीनं सतरा वेळा घंटा वाजवली. मी सतरा वेळा धावले. काही नको असायचं. मी दारात दिसले की ती अर्ध्या तोंडानं हसायची.

"काय व्हयनं, जिजी?"

"काही नही, माय. वाजस का, पाही ऱ्हायनी व्हती."

"मन्हं पीठ परातमा तसंच पडेल शे!"

"पडू दे. तू येस का, तेबी पाही ऱ्हायनी व्हती."

दीड वर्ष ती खाटेवर होती. त्या दीड वर्षात मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती. मी चिडले नाही. कुणीही चिडलं नसतं.

संध्याकाळी मास्तर आले. मी दिलेला हिशोब ऐकला आणि गेरूनं भिंतीवर सतरा रेघा ओढल्या. मग खाटेजवळ जाऊन म्हणाले, "सतरा फार. मसाला संपेल."

जिजीच्या तोंडावरचं हसू गेलं. ते मी समोर उभी राहून पाहिलं.

आता हे आमच्याकडच्या बाईलाच कळेल, म्हणून सांगते. खानदेशात उन्हाळ्यात काळा मसाला करतात तो वर्षाचा. मिरच्या, धणे, खोबरं, सगळं भाजून कांडून बरणीत भरलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो पुरला पाहिजे. मधेच संपला, शेजारणीकडे वाटी घेऊन जावं लागलं, तर त्या बाईची आळीत शोभा. सासू ऐकवणार, नणंद ऐकवणार. जिजीचा मसाला तीस वर्षांत एकदाही आखाजीच्या आत सरला नव्हता. ही एकच गोष्ट ती अभिमानानं सांगायची. आता नवऱ्यानं तिच्या उशाशी दोन बरण्या ठेवल्या, आत काळी भुकटी, नाव मसाला, भरला आखाजीला. तिला दुसरं काय वाटणार? तिच्या हाती वर्षाची बरणी दिली होती आणि ती तिला पुरवायची होती.

दुसऱ्या दिवशी सहा वेळा वाजली. आठवड्यानं दोन वेळा. पावसाळ्यात दिवसच्या दिवस वाजायची नाही. ती माझ्या नऊच्या आणि चारच्या फेरीसाठी सगळं धरून ठेवायला शिकली. तहानही. लघवीही. मी म्हणायची, "जिजी, दाबत जा व." ती म्हणायची, "तू येसच ना."

मास्तर रोज संध्याकाळी भिंतीकडे बघायचे. रेघ नसली की मान हलवायचे. एकदा तिला म्हणाले, "उत्तम. टिकतोय." दोन शब्द. जिजी ते दोन शब्द मला चार दिवस सांगत होती. तीस वर्षांत नवऱ्यानं केलेलं हे पहिलं कौतुक. मला तेव्हा राग आला तो तिचाच आला. आज तिचा येत नाही.

दिवाळीपासून मास्तरांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बरण्या दाखवायला सुरुवात केली. सुरतेहून त्यांच्या खात्यातला जुना कुणी आला होता, त्याला तेलाचा थर दाखवला, मडकं दाखवलं. "एका मसाल्यावर वर्ष काढणार," म्हणाले. पाहुण्यानं खाटेकडे बघून विचारलं, "वहिनींना कसं आहे?" मास्तर म्हणाले, "स्थिर." माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी पाहुण्यापुढं आदळली. मास्तरांपुढं आदळायला हवी होती.

पुढच्या आखाजीला नऊ दिवस राहिले होते. भर दुपार. मास्तर स्टेशनवर. मी माझ्या स्वयंपाकघरात उखळात वर्षाचा मसाला कांडत होते. मुसळाचा आवाज मोठा असतो, त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. पण घंटा डोक्यावर होती, ती ऐकू आलीच असती. ती वाजली नाही.

चारला गेले तर जिजी जमिनीवर. पाण्याचा तांब्या आडवा, पाणी केव्हाच सुकलेलं. पाय भलत्याच बाजूला वळलेला. ऊन सरकत सरकत तिच्या तोंडावर आलं होतं. बटण तिच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबत होतं. हात त्याच्याकडे गेलेला नव्हता. तांब्याकडे गेलेला होता.

तिला उचलून खाटेवर घेतलं. पाणी पाजलं. ती दोन तांबे प्यायली.

"जिजी, काबरं नही दाबं?"

"मसाला सरी जाता, माय."

"आग लागो त्या मसालाले!"

"असं नको म्हनू. आखाजीले नऊच दिन ऱ्हायनात. तेस्नं वरीस मोडी जातं."

मी भिंतीच्या अलीकडे होते. तीन हातांवर. हे मी पन्नास वर्षं मनात मोजते आहे.

मास्तर आले. वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणाले, खुब्याचं हाड मोडलं आहे, या वयात काही करता येणार नाही. मास्तर म्हणाले, "मजकूर पोचला." मग भिंतीकडे गेले. सवयच ती. रेघ नव्हती.

पाचव्या दिवशी जिजी गेली. शेवटचे दोन दिवस वेदना इतक्या होत्या की तिचा तो गेलेला आवाजही परत आला होता. भिंतीपलीकडे ऐकू यायला घंटा लागत नव्हती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी आली. ओसरीवर बसली. जिजीची खाट उभी करून ठेवली होती, पण बटण तसंच तारेला लोंबत होतं. कुणीतरी बरण्यांबद्दल विचारलं, बोलायला काही हवं म्हणून विचारलं असेल. मास्तर सांगू लागले. नवसागर, मडकं, तेलाचा थर. "परवा वर्ष पुरं." त्यांच्या आवाजात खुशी होती. मी ती ऐकली. आजही ऐकू येते.

मी आत गेले आणि बटण दाबलं. दाबलं ते सोडलं नाही.

भिंतीपलीकडे माझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात घंटा कडाडून वाजू लागली. मास्तर धावत आले.

"सोड."

मी सोडलं नाही.

"मसाला जाईल."

"जाऊ द्या."

"दोन दिवस राहिले!"

"जिजीला नऊ राहिले होते."

त्यांनी माझा हात धरायला हात पुढं केला आणि परस्त्री म्हणून मागं घेतला. माझा अंगठा बधिर झाला तेव्हा मी दुसरा लावला. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. घंटा हळूहळू थकली. कडकडाट गेला, नुसतं टिक टिक राहिलं. मग तेही गेलं. मास्तर खाली बसले. "गेली," म्हणाले. बायको गेली तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

मी घरी जाऊन आंघोळ केली. मला बरं वाटत होतं. खरं तेच लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. डोक्यावर घंटा वाजली. खणखणीत. आखाजीच्या दिवशी पहिल्यांदा वाजली होती तशी. माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. क्षणभर मला वाटलं जिजी. मी उठूनही उभी राहिले.

मास्तर माझ्या दारात आले. चेहरा फुललेला.

"भरली! विश्रांती मिळाली की भरते. माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"सतत दाबलं की थकते. सोडलं की ताजी. मधून मधून दाबायलाच असते ही."

"सतरा वेळा दाबलं तर?"

"नगण्य."

"दिवसातून पन्नास वेळा?"

"तरी वर्ष निघतं." आणि मग त्यांनी तोंडभरून समजावलं. कामावर लागल्यावर पहिल्या वर्षी शिकवतात म्हणाले. बरणी मरते ती पाणी उडून मरते, दाबून नाही. त्यांना एवढं लांब बोलताना मी प्रथमच पाहत होते.

"सतरा फार म्हणालात. मग जिजीला हे का नाही सांगितलं?"

ते थांबले. खरोखर विचार करत होते. मग म्हणाले,

"विचारलं नाही."

दोनच शब्द.

माझ्या पायाशी विळी होती. मी ती उचलली, फळीखालची तार ओढून पात्यावर धरली आणि कापली. बारीक तांब्याची तार. भेंडीसारखी तुटली.

मास्तर दोन टोकांकडे बघत राहिले. जोडायला त्यांना घटकाभरही लागली नसती. मी म्हटलं, "जोडाल तर परत कापीन. उद्या आखाजी आहे. उद्याही कापीन." फडताळातली पितळेची वाटी काढून त्यांच्या हातात दिली, वर चमचा ठेवला.

ते वाटी धरून उभे राहिले. रिकाम्या वाटीत बघत होते. आणि मग त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना आमच्या भाषेत बोलताना ऐकलं.

"आते मी काय करू वं, माय?"

आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, तुला कीव यायला हवी होती. मला आली नाही. तव्यावर एक भाकरी होती, तिची एक बाजू करपायला लागली होती. मी खाली बसले आणि ती उलटली.